टाके आणि सांधे

मराठवाड्यातले सर्वांत जुने जहाज एका भिंतीवर आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, कुणा अनामिक चित्रकाराने ते रंगवले. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडे, मागच्या अंगाला सुकाणूचे वल्हे, नाळेवर रेखलेला डोळा आणि ओळीने मांडून ठेवलेले घडे. अभ्यासक त्या प्रसंगाचे नाते पूर्णावदानाशी जोडतात. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण, चंदनाच्या ओंडक्यांनी भरलेले जहाज, भरसमुद्रात उठलेले वादळ आणि त्यातून झालेली सुटका, अशी ती कथा. वाघूर नदीच्या अर्धचंद्राकार वळणावर, समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, काळ्या कातळाच्या पोटात दिव्याच्या उजेडात बसून ज्याने ही नौका काढली त्याने समुद्र पाहिला होता का, हा प्रश्न त्या चित्रापुढे उभे राहिल्यावर मला चुकत नाही. कथा सांगणाऱ्याला समुद्र न पाहताही समुद्र सांगता येतो. पण वल्हे कुठे टेकवायचे, दोर कशाला आवळायचा, पिण्याच्या पाण्याचे घडे कुठे ठेवले म्हणजे लाटांच्या हेलकाव्यात ते फुटत नाहीत, हे ऐकीव ज्ञानाने साधत नाही. त्या माणसाची बोटे कधीतरी ओल्या काथ्यावरून फिरली असावीत असे मला वाटते. या वाटण्याला पुरावा काही नाही, पण चित्रात काही ठिकाणी रेषेपेक्षा स्पर्शच आधी आलेला दिसतो.

त्या भिंतीवरच्या नौकेला सुमारे पंधरा शतकांनी पाणी लागले. संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही नौकाबांधणी संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला नव्या जहाजाचा कणा मांडला गेला. केरळातले कारागीर आले, त्यांचे प्रमुख होते बाबू शंकरन. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि त्याला नाव मिळाले कौंडिण्य. भारतातून निघून पूर्वेच्या समुद्रापलीकडे, आजच्या कंबोडियाच्या भूमीवर पोचलेल्या त्या दंतकथेतल्या नाविकाचे. या जहाजाला इंजिन नाही आणि त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवलेली आहे आणि त्या शिवणीवर राळेचा नि माशाच्या तेलाचा लेप आहे. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीच्या मध्यावर मस्कतला पोचले. बांधणाऱ्यांपुढे जुना आराखडा नव्हता, मापे नव्हती, समुद्रतळातून वर काढलेला सांगाडाही नव्हता. होते ते केवळ एक चित्र, आणि चित्रकार मापे देत नाही. आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीची जलचाचणी घेऊन, गणित मांडून, चित्राने मौन पाळलेल्या जागा भरून काढाव्या लागल्या. मराठवाड्याच्या एका भिंतीने जे जपले होते ते गोव्याच्या खाडीकाठी वाचले गेले. या वाचनाचा मला हेवा वाटतो. आम्ही मराठवाड्यातली माणसे शतकानुशतके त्या भिंतीच्या शेजारी राहिलो आणि तिच्याकडे पाहताना आम्हाला बुद्ध दिसला, पद्मपाणी दिसला, काळ्या राजकन्येचे डोळे दिसले. नौकेचा डोळा मात्र फारसा दिसला नाही.

शिवलेली नौका हा प्रकार हिंदी महासागराच्या काठावर फार जुना. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात समुद्रात जाणाऱ्या नौकेला लोखंड वापरू नये असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे ते पाण्याखालच्या चुंबकाचे: तो लोखंडाला ओढून नौका बुडवील. हे कारण वाचून आजचा वाचक हसेल. मला त्या कारणात एक शहाणपण दिसते. कारागिराचे हात जे जाणतात त्याचे स्पष्टीकरण पंडिताने द्यायचे ठरवले की बहुधा असे चुंबक समुद्रात ठेवावे लागतात. खरे कारण शिवणीच्या स्वभावात आहे. खिळा दोन फळ्यांना एका जागी जखडून ठेवतो. टाका त्यांना एकमेकींजवळ ठेवतो आणि थोडे हलूही देतो. नौका वाळूवर आदळली, लाटेने तिला पिळले, तर शिवलेले अंग किंचित लवते आणि पुन्हा जागेवर येते. आधी फळ्या शिवून कवच उभे करायचे आणि मग आतून फासळ्या बसवायच्या, असा हा क्रम. त्यात आकार हा सांगाड्यातून न येता त्वचेतून येतो. आणि फळी कुजली की टाके उसवून ती काढायची, नवी बसवायची, पुन्हा शिवायची. दुरुस्ती हा या नौकेच्या आयुष्यातला अपघात नाही, ती तिच्या रचनेतच गृहीत धरलेली आहे. काथ्या कायम टिकणार नाही हे मान्य करून ज्याने पहिला टाका घातला, त्याने काळाशी केलेला करार मला फार प्रामाणिक वाटतो.

लवणाऱ्या आणि न लवणाऱ्या बांधणीतला हा भेद लातूरच्या माणसाला ग्रंथातून शिकावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीची जमीन हलली तेव्हा माणसे मेली ती बव्हंशी आपल्याच घरांच्या दगडांखाली. जाड, मातीत रचलेल्या भिंती आणि वर माळवदाचे ओझे. पण त्या पडझडीत काही ठिकाणी एक विलक्षण दृश्य होते: भिंती बाहेरच्या बाजूला ढासळलेल्या आणि आतला खणांचा लाकडी सांगाडा, खांब, तुळया, कडीपाट, तसाच उभा. त्या सांध्यांत कुठल्याशा सुताराने कुसू आणि खाच यांच्यामध्ये जी बारीकशी मोकळीक ठेवली होती, तिने धक्का आपल्यात घेतला. समुद्र पाहिला नसलेल्या त्या सुताराला जहाजकाराचे एक सूत्र ठाऊक होते. ते त्याला कुणी शिकवले असेल, की लाकूड स्वतःच आपल्या संगतीत राहणाऱ्याला हळूहळू हे सांगत असते? बापाने वाकस मुलाच्या हाती देताना जे दिले ते शब्दांत नव्हतेच, म्हणून ते कुठे नोंदले गेले नाही; आणि नोंदले गेले नाही म्हणूनच त्या पहाटेनंतर नवी गावे वसवताना कुणाला त्याची फारशी आठवण झाली नाही.

जुन्या नौकेचा उद्धार दुसऱ्याही रीतीने होतो, आणि त्याचे सर्वांत उत्तम उदाहरण मुंबईत जन्मले आणि इंग्लंडमध्ये जगले. मुंबईच्या गोदीत मे १८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी एका युद्धनौकेच्या कण्यात चांदीचा कोरीव खिळा ठोकला; पारशी रिवाजात त्याशिवाय नौकेचे कल्याण होत नाही. मलबारी सागवानाची ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे नाव ट्रिंकोमाली. तिच्या जन्मकथेला दैवाची थट्टा पहिल्यापासून चिकटली आहे. तिचे आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेले जहाज अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ पकडले, म्हणून आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. आणि नौका तयार होईतो ज्या युद्धासाठी ती हवी होती ते नेपोलियनचे युद्ध संपून दोन वर्षे लोटली होती. जन्मताच बेकार झालेली ही नौका १८१९ मध्ये इंग्लंडला पोचली आणि दीर्घकाळ राखीव ताफ्यात नुसती बांधून ठेवली गेली. पुढे तिने वेस्ट इंडिज पाहिले, पॅसिफिक पाहिला. १८९७ मध्ये ती भंगारात जायची, तर एका हौशी गृहस्थाने ती घेतली. त्याच्याजवळची फूद्रॉयाँ ही नेल्सनची जुनी नौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली होती. या नौकेला त्याने त्या मेलेल्या नौकेचे नाव दिले आणि जवळजवळ नव्वद वर्षे मुंबईची ही लेक दुसरीच्या नावाने मुलांना समुद्राचे धडे देत राहिली. १९८७ मध्ये तिला उत्तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आणले, तिथे वर्षानुवर्षे तिची दुरुस्ती चालली, १९९२ मध्ये तिचे मूळ नाव तिला परत मिळाले आणि नव्या शतकाच्या आरंभी ते काम पुरे झाले. युरोपात आजही पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ती ओळखली जाते. तिचा बराचसा सागवान अजून मूळचाच आहे. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडाला खाते, सागाचे तेल त्याला सांभाळते, हे मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

या दोन नौका शेजारी ठेवून मी पुष्कळ विचार केला आहे. ट्रिंकोमालीपाशी जुने लाकूड आहे. पण वाडियांच्या गोदीतल्या ज्या हातांनी ते कापले, तासले, जोडले, त्या हातांची परंपरा हार्टलपूलला नव्हती, ती तिथल्या कारागिरांना नव्याने कमवावी लागली. कौंडिण्यपाशी एकही जुनी फळी नाही. पण केरळच्या किनाऱ्यावर शिवणीची विद्या क्षीण धारेने का होईना वाहत राहिली होती, म्हणून चित्राला शरीर मिळू शकले. एका ठिकाणी वस्तू वाचली आणि विद्या विरली, दुसऱ्या ठिकाणी वस्तू विरली आणि विद्या वाचली. यांतले अधिक मोलाचे कोणते? मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी विचारलेला प्रश्न इथे आठवतो: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? अजिंठ्याच्या भिक्षूंनी हा प्रश्न पाठ केला असणार आणि त्याच ओवऱ्यांत बसून चित्रकाराने ती नौका रंगवली असणार. प्रश्न सुंदर आहे, पण तो राजांचा आणि भिक्षूंचा आहे. फळी बदलणाऱ्या सुताराला तो पडत नाही. त्याला कळते ते इतकेच, की ही फळी कुजली आहे, तिची जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि तिच्या शेजारणीला नवे लाकूड मानवेल असा सांधा घडवायला हवा. पुरीला जगन्नाथाचे काष्ठविग्रह ठरावीक वर्षांनी नवे होतात, अलीकडे ते २०१५ मध्ये झाले. देव तोच का, असे तिथल्या भाविकाला विचारून पाहा. तो तुमच्याकडे दयेने पाहील. टिकणे म्हणजे न बदलणे, ही कल्पना दगडाच्या सहवासात राहणाऱ्यांची आहे. लाकडाच्या सहवासात राहणाऱ्यांना टिकणे म्हणजे वेळेवर बदलत राहणे वाटते, आणि माझा कौल लाकडाच्या बाजूला आहे.

पण जहाजे समुद्राची, आणि आपण पठारावरचे; आपला त्यांच्याशी संबंध काय, असा प्रश्न नांदेड-लातूरच्या वाचकाच्या मनात आतापर्यंत आला असेल. इथे थोडे थांबायला हवे. जहाज समुद्रावर चालते, पण समुद्रात उगवत नाही. त्याचे लाकूड डोंगरात वाढते, शीड शेतात पिकते, दोर झाडाला लागतो, आणि त्याच्या पोटातला माल तर सगळाच जमिनीवरून चालत आलेला असतो. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या टिपणात पैठण आणि तगर यांची नावे येतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधे कापड, तलम मलमली आणि इतर वस्त्रे गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात जात. हे तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे तेर. तेरमध्ये सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत व्हेसूव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत, हे पाहताक्षणी जाणवते. तेरणेच्या काठचा विणकर आपले ठाण ज्या जहाजात चढले ते कधी पाहणार नव्हता, रोमच्या ज्या बाईने ते अंगावर घेतले तिचे नावही त्याच्या कानावर पडणार नव्हते. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज उमटले आहे. ज्या राजवंशाची एक राजधानी गोदाकाठी पैठणला होती त्याने आपली ओळख जहाजाने करून द्यावी, याचे नवल वाटण्याचे कारण उरत नाही.

भूगोलाची एक गंमतही सांगण्यासारखी आहे. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला, आणि गोदावरी पूर्वसमुद्राला. पाणी पूर्वेला चालले होते आणि माल पश्चिमेला. आमच्या पूर्वजांनी उताराची वाट नद्यांना सोडून दिली आणि चढाची स्वतःकडे ठेवली, बैलांच्या खुरांनी सह्याद्रीच्या घाटांत ती कोरली.

कापडाचा हा धागा अजून तुटलेला नाही. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला राष्ट्रध्वजाच्या खादीचे कापड विणले जाते आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे ध्वज होतात. ध्वज आणि शीड यांचे कुळ एकच: दोघांचेही जगणे वाऱ्यावर, दोघांनाही हवे असते ते हलके पण न फाटणारे वस्त्र, आणि दोघांच्याही कडेची शिवण विरली की सगळे विरते. मला कुणी मराठवाड्याचे समुद्राशी नाते विचारले तर मी उदगीरच्या मागाकडे बोट दाखवीन.

आणि पाणी. अजिंठ्याच्या नौकेवरचे ते घडे मी फार वेळ पाहत राहतो. चहूकडे पाणी असताना पाणी बरोबर न्यावे लागणे, ही नाविकाची जुनी विडंबना. सगळा प्रवास त्या घड्यांच्या हिशेबावर चालतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तिचे नाव जलदूत. ती गाडी पाहायला जमलेल्या माणसांना आपण एका नौकेवर आहोत असे वाटले नसेल. पण साऱ्या शहराचा दिवस जेव्हा घड्यांच्या हिशेबावर उगवतो आणि मावळतो तेव्हा जमिनीवरचे शहर आणि भरसमुद्रातले गलबत यांत उरलेले अंतर फार थोडे असते. याच लातूरला आपले मूळ गाव मानून राष्ट्रकूटांनी ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली मिरवली. त्यांनी कंधारला तलाव बांधला आणि त्याला जगत्तुंग समुद्र म्हटले. तहानेच्या प्रदेशात राजे तलावाला समुद्र म्हणतात, त्यात गर्व थोडा आणि इच्छा फार असते.

या राष्ट्रकूटांना अरब प्रवासी बल्हारा म्हणत आणि जगातल्या मोजक्या थोर राजांत त्यांची गणना करीत. इ. स. ९२६ मध्ये, इंद्र तिसऱ्याच्या राज्यात, संजाण बंदराचा कारभार एका मुसलमान अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव संस्कृत वळण घेऊन मधुमती झाले आहे. पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेल्या त्या ताम्रपटात त्याच्या थोरवीच्या वर्णनाबरोबर दोन साध्या गोष्टी येतात. त्याने दोन ओढ्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भात, कालवण, तूप यांचे अन्नछत्र घातले. मोठमोठी गलबते ज्याच्या बंदरात नांगर टाकीत होती त्या अधिकाऱ्याचे पुण्य मोजताना शासनलेखकाला आठवल्या त्या ओढ्यावरच्या नावा. हे मला फार महत्त्वाचे वाटते. मोठ्या जहाजाचा इतिहास राजे लिहून घेतात; लहान होडीचा उल्लेख येतो तो पुण्याच्या खात्यावर.

वस्तुतः मोठ्या जहाजाला लहान होडीवाचून गती नाही. त्याचा तळ खोल, त्याला काठाला लागता येत नाही. किनारा आणि जहाज यांच्यातले शेवटचे अंतर नेहमी होडीच कापते. माणसे, पाण्याची पिंपे, पत्रे, आजारी, प्रेते, सगळे तिच्यातूनच जाते-येते. अटलांटिकमध्ये मासे धरणाऱ्या स्कूनर जातीच्या गलबतांवर तर डेकवर सपाट तळाच्या होड्या एकात एक बसवलेल्या पातेल्यांसारख्या रचून ठेवीत. मासळीच्या जागी पोचले की एकेक होडी सोडायची, एकदोघे माणसे तिच्यात उतरायची आणि धुक्यात मासे धरायची. स्कूनर म्हणजे या होड्यांना जागेवर पोचवणारे वाहन. १८९४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एसेक्स गावी बांधलेली एफी मॉरिसी ही अशीच एक. तिने आधी कॉड मासे आणले, मग उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात संशोधकांना नेले, मग अर्नेस्टिना या नावाने केप व्हर्डेहून स्थलांतरितांना अमेरिकेत पोचवले. १९८२ मध्ये केप व्हर्डेने ती अमेरिकेला भेट दिली आणि अलीकडे मेन राज्यातल्या गोदीत तिचा जीर्णोद्धार झाला. एका नौकेने इतके जन्म घ्यावेत! परंतु तिच्यावरून धुक्यात उतरलेल्या होड्यांची नावे कुठे आहेत? त्यांतल्या ज्या परतल्या नाहीत त्यांची तरी?

नांदेडला नावघाट आहे. नदीवर पूल आले तशा नावा कमी झाल्या, नाव घाटाला राहून गेले. माझ्या आठवणीत उन्हाळ्यात पालथी घातलेली लाकडी नाव आहे आणि तिच्या फटींत डांबरात बुडवलेल्या चिंध्या ठासणारा एक भोई. वाकून काम करणाऱ्या त्या माणसाच्या हातांत घाई नव्हती, कारण नदीला उतार होता आणि पावसाला अवकाश होता. नव्या लाकडापेक्षा जुन्या फटीवर त्याचे लक्ष अधिक होते. अजूनही गोदाकाठच्या, मांजराकाठच्या खेड्यांत पूर आला की गुऱ्हाळातली काहील पाण्यात उतरते, थर्माकोलचे तराफे बांधले जातात, शाळेची पोरे आणि बाळंतिणी त्यांतून पलीकडे जातात. हे वर्तमानपत्रांत येते ते विकासाच्या अभावाची बातमी म्हणून, आणि ते योग्यच आहे. पूल झालाच पाहिजे. तरी त्या बातमीतली एक गोष्ट माझ्या मनात रेंगाळते. उसाचा रस आटवण्यासाठी केलेली लोखंडी काहील पाण्यावर किती माणसांना तोलील, वजन कुठे ठेवले तर ती गोल फिरणार नाही, वल्हे नसेल तर कशाने रेटायचे, याचे ज्ञान त्या काठावर कुणाला तरी आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराने दोर आणि वल्हे ज्या नेमकेपणाने रंगवले तोच नेमकेपणा या काहिलीत आहे. मात्र तिला चित्रकार मिळालेला नाही.

कौंडिण्य बांधणाऱ्यांना जी अडचण आली ती आपण पुढच्यांना वारशाने देऊ नये, असे मला वाटते. किनवटच्या सागाची नाव करणारा सुतार, ती शिवणारा-बुजवणारा भोई, काहील तोलणारा गडी यांतले काही जण अजून आहेत. त्यांच्या मुलांनी दुसरी कामे धरली आहेत आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातूरच्या महाविद्यालयांत इतिहासाचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय शोधत असतात. त्यांनी घाटावर जावे. एखादी जुनी लाकडी नाव कुणाच्या अंगणात, गोठ्याच्या मागे पालथी पडलेली असेल तर तिची लांबी, रुंदी, खोली मोजावी, फळ्या मोजाव्यात, सांधे कसे घातले आहेत ते रेखाटावे, बुजवायला काय वापरत ते विचारावे, करणाऱ्याचे नाव आणि गाव लिहून घ्यावे. त्यासाठी अनुदान लागत नाही, परवानगी लागत नाही. मोजायला सुताराची पट्टी पुरते.